गॅस्केट बदललं, हेड केलं, तरी व्हॅन परत का तापते?

करमाळा (प्रतिनिधी) : जेऊर-करमाळा रस्त्यावर उन्हाळ्याच्या दुपारी एखादी तरी इको, नाहीतर जुनी ओमनी कडेला उभी दिसते. पुढची सीट उचललेली, खालून वाफ निघतेय, प्रवासी बाभळीच्या सावलीला आणि चालक शेजारच्या विहिरीवरच्या मोटरीवरून कॅन भरून आणतोय. पाणी ओतलं, गाडी चालू झाली, की पुढं. चार दिवसांनी परत तेच. मग गाडी गॅरेजला लागते आणि मिस्त्री सांगतो, गॅस्केट गेलं. ते बदलून गाडी घरी येते. दोन-चार महिने बरे जातात आणि तीच गाडी त्याच गॅरेजच्या दारात पुन्हा उभी राहते. या वेळी मिस्त्री म्हणतो, "भाऊ, आता इंजिनच उतरवावं लागंल."

पहिल्या वेळचा खर्च काही हजारांत भागतो. दुसऱ्या वेळी पाच आकडी रक्कम लागते. वर गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस धंदा बंद. शाळेच्या पोरांची व्हॅन असेल तर पालक एक-दोन दिवस कळ काढतात, तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी लावतात आणि एकदा गेलेली पोरं त्या वर्षात परत येत नाहीत. पतसंस्थेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतोच. म्हणून वडापवाले, शाळेचे व्हॅनवाले, दूध-भाजी नेणारे सगळे एकच वैतागाचं वाक्य बोलतात : एवढा पैसा घातला तरी गाडी तशीच.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्यांदा इंजिन का तापलं, हे कुणी शोधलेलंच नसतं. जळलेली वस्तू बदलली जाते, जाळणारी तशीच राहते.

इंजिन सीटखाली, रेडिएटर नाकाशी

ओमनी ही मूळची मारुती व्हॅन, १९८४ साली आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या सीटच्या खाली. २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं, पण खेड्यापाड्यांत अजून भरपूर गाड्या पळतात. इको आली २०१० साली, चार सिलिंडर आणि सुमारे १.२ लिटरचं इंजिन. तिचंही इंजिन सीटखालीच. त्यामुळं गाडीला लांब नाक लागत नाही आणि माणसं जास्त बसतात. आपल्याकडं ही गाडी चालली ती याच कारणानं.

पण या मांडणीची एक अडचण आहे. इंजिन सीटखाली आणि त्याचं पाणी गार करणारा रेडिएटर पार पुढं. मधलं अंतर पाणी पाइपांतून जातं-येतं. खडी, चिखल, गतिरोधकाचे दणके हे सगळं त्या पाइपांनी आणि त्यांच्या क्लिपांनी सोसायचं. कुठं बारीक गळती लागली तर ती पटकन दिसत नाही. पाणी थेंबथेंब जातं, गरम लोखंडावर पडून उडून जातं आणि सकाळी गाडीखाली ओल्या डागाचा पत्ताही नसतो.

दुसरं म्हणजे, दुचाकीचं इंजिन कसं कायम नजरेसमोर असतं. इथं सीट उचलल्याशिवाय इंजिनचं तोंड दिसत नाही. सकाळी सात वाजता पोरं घ्यायला निघालेला माणूस रोज सीट उचलून ऑइल-पाणी बघेल ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात बघणं होतं ते गाडी तापल्यावरच.

बोअरचं पाणी : ठिबकला जे होतं तेच रेडिएटरला

कंदरच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यानं ठिबकच्या नळ्यांची भोकं बुजतात, पांढरा थर बसतो, म्हणून अॅसिड ट्रीटमेंट द्यावी लागते. घरातल्या पाणी तापवायच्या कॉइलवर वर्षभरात केवढा थर चढतो तेही सगळ्यांनी पाहिलंय. तेच पाणी आपण गाडीत ओततो. रेडिएटरच्या आतल्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात. गरम पाण्यातला क्षार सुटून त्यांच्या आतल्या भिंतींना चिकटतो. नळी बारीक होत जाते, काही नळ्या पूर्ण बंद पडतात. बाहेरून रेडिएटर चकाचक दिसतो, आत निम्मं काम बंद झालेलं असतं.

असाच थर इंजिनच्या आतल्या पाण्याच्या वाटांवरही बसतो. मग इंजिनची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि पाण्यातली उष्णता हवेत जात नाही. दोन्हीकडून अडचण. शिवाय साध्या पाण्यानं लोखंडी भाग आतून गंजतात, ॲल्युमिनियम झिजतं आणि तो लालसर गाळ परत रेडिएटरमध्येच येऊन बसतो. ज्या गाडीच्या टाकीतलं पाणी विटकरी रंगाचं दिसतं, तिच्या आत हेच चाललेलं असतं.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी, कंपनीवाल्यांनी काढलेली टूम, असं अजून बरेच जण समजतात. तसं नाही. ते पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं आणि त्यातली रसायनं गंज धरू देत नाहीत. कूलंट दोन प्रकारचं मिळतं. एक तयार, ते तसंच ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी मिसळावं लागतं आणि ते पाणी डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीत घालतो ते हवं. घट्ट कूलंटमध्ये बोअरचं पाणी मिसळलं तर पैसे घालून परत क्षारच भरला म्हणायचा. एका प्रकारच्या कूलंटमध्ये दुसऱ्या प्रकारचं मिसळू नये. सगळं काढून, आतून धुऊन मग नवीन भरावं. आणि या गाड्यांत पाइप लांब असल्यानं भरताना हवा अडकून राहते, ती मिस्त्रीकडून नीट काढून घ्यावी. हवा अडकली तर टाकी भरलेली दिसते आणि गाडी तरीही तापते.

अडचणीत, रस्त्यावर, दुसरं काही नसेल तर साधं पाणी टाकावंच लागतं. त्यात चूक काही नाही. घरी आल्यावर ते काढून टाकायचं राहून जातं, खरी चूक ती.

रेडिएटरच्या झाकणाचंही तसंच. घरातल्या कुकरला रिंग आणि शिट्टी असते, तशीच या झाकणाला रबर आणि स्प्रिंग असते. त्यामुळं आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशालाही उकळत नाही. रबर कडक झालं, फुटलं, की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. एवढ्या स्वस्त वस्तूपायी पूर्ण इंजिन गेलेल्या गाड्या गॅरेजात बघायला मिळतात.

गॅस्केट जातं म्हणजे काय होतं

इंजिनचे दोन मोठे भाग धरा. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. दोघांच्या मध्ये गॅस्केट. पाणी, ऑइल आणि जळता गॅस या तिघांना आपापल्या वाटेत ठेवायचं काम त्याचं. इंजिन जास्त तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. फार नाही, केसाएवढं. पण तेवढ्यानं गॅस्केटची पकड सुटते. मग पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि मागून पांढरा धूर येतो, किंवा ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, किंवा सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि टाकीत बुडबुडे उठतात. यातलं काहीही दिसलं तर गाडी पुढं चालवू नये. दूधमिश्रित दिसणारं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही आणि मग क्रँकपर्यंत काम जातं.

आता दुरुस्तीत काय होतं बघा. घाई दोघांनाही असते, चालकाला आणि मिस्त्रीलाही. हेड काढलं, कार्बन खरवडला, नवीन गॅस्केट टाकलं, बोल्ट आवळले, गाडी दिली. हेड सरळ आहे का हे पट्टी आणि फिलर गेज लावून बघितलं नाही. वाकडं असेल तर मशीनवर फेसिंग करून घ्यावं लागतं, ते राहिलं. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानं आणि टॉर्क पान्यानं ठरलेल्या ताकदीनंच आवळायचे असतात, ते पान्याला पाइप लावून अंदाजानं आवळले. आणि मुख्य म्हणजे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट यातलं काहीही तपासलं नाही. वाकड्या हेडवर नवीन गॅस्केट आणि समोर तोच बुजलेला रेडिएटर. अशी गाडी परत येणार नाही तर काय होणार?

थर्मोस्टॅटची एक वेगळीच गंमत आहे. इंजिन गार असताना तो पाण्याची वाट बंद ठेवतो, तापल्यावर उघडतो. तो अडकला की गाडी तापते. मग नवीन टाकायच्या ऐवजी काढूनच टाकायची पद्धत पडलीय. "काढून टाक मिस्त्री, झंझटच नको." थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट गरमच होत नाही. थंडीत सकाळी पेट्रोल जास्त जातं, न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पिस्टन-रिंगांची झीज वाढते. आज तापणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं आणि पुढं गाडी ऑइल खायला लागते. तसंच पंख्याचं. पंखा आपोआप सुरू होईना म्हणून सेन्सर किंवा रिले शोधण्याऐवजी डायरेक्ट वायर ओढून डॅशबोर्डवर बटण बसवतात. चालक ते एक दिवस दाबायला विसरतो आणि तेवढा एक दिवस पुरतो.

म्हणून गॅरेजला गाडी देताना "गॅस्केट बदला" असं सांगू नका. "कशामुळं गेलं ते आधी दाखवा" असं सांगा. हेड लेथवाल्याकडं पाठवलं का, रेडिएटर उघडून बघितला का, पंखा आपोआप सुरू होतो का, एवढं समोर उभं राहून विचारलं तर चांगला मिस्त्री रागावत नाही. "हाफ इंजिन" या शब्दावरही भरवसा ठेवू नका. एका गॅरेजात त्याचा अर्थ रिंग-पिस्टन, दुसऱ्यात त्यात बेअरिंगही धरतात. नक्की कोणकोणते भाग नवीन पडणार ते आधी लिहून घ्या आणि जुने भाग परत मागा.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं

सीएनजीनं खर्च वाचतो हे खरं, म्हणून नवीन व्हॅन घेणारे बरेच जण तीच घेतात. पण गॅस कोरडा जळतो. पेट्रोलमुळं व्हॉल्व्हला जो थोडा गारवा आणि ओलावा मिळतो तो मिळत नाही आणि व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती बैठक हळूहळू झिजते. झिजली की टॅपेटचा गॅप कमी होत जातो आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मग गाडी मिसिंग मारते, चढाला पिकअप पडतो आणि दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळतो. म्हणून ज्या इंजिनात टॅपेट सेट करता येतात तिथं तो गॅप वेळेवर तपासून घ्यावा. प्लग आणि एअर फिल्टरही गॅसच्या गाडीत वेळेवर बदलावे लागतात, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. कंपनीतून बसवून आलेलं किट सोडून बाहेरून बसवलं असेल, तर सेटिंग बरोबर आहे का ते किटवाल्याकडून बघून घ्या. गॅसचं प्रमाण कमी पडलं तरी इंजिन जास्त तापतं. पेट्रोलची टाकी कायम रिकामी ठेवू नये, टाकीतला पंप पेट्रोलनंच गार राहतो. आणि गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करायचीच आहे, त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

ऑइलबद्दल तर नवीन काही सांगण्यासारखं नाही, फक्त एकच. डांबरी हायवेवर एकट्यानं चालवलेली कार आणि दहा ठिकाणी थांबत माणसं भरून चाललेली व्हॅन यांना एकच हिशोब लावू नका. गाडीच्या पुस्तिकेत जास्त ताणाच्या वापरासाठी ऑइल बदलायची वेळ लवकरची दिलेली असते. आपली गाडी त्यातच मोडते.

रस्त्यात काटा वर गेला तर

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, तो इंजिनमधली उष्णता ओढतो. आत बसणाऱ्यांना त्रास होईल, इंजिन वाचेल. गाडी कडेला घ्या आणि बंद करा. "गाव आलंच, दोन किलोमीटर तर राहिलंय" हे दोन किलोमीटरच हेड वाकवतात.

काट्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी पूर्ण गेलं की तो वाफेत नाहीतर हवेत राहतो आणि काटा खाली पडू शकतो. वर गेलेला काटा अचानक खाली आला आणि इंजिनचा आवाज बदलला तर गाडी गार झाली असं समजू नका.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उसळलेल्या पाण्यानं तोंड आणि हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा, इंजिन हाताला सोसेल इतकं होऊ द्या. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. प्रवासी ओरडतील, त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून द्या.

बिल घ्या, नाहीतर तक्रार कशावर करणार

दुरुस्ती करूनही गाडी पुन्हा त्याच कारणानं बंद पडली तर काय करायचं? बहुतेक जण भांडतात, मिस्त्री थोडे पैसे कमी घेतो आणि विषय संपतो. कारण हातात कागद नसतो.

पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही कायद्यानं सेवा आहे. काम निकृष्ट झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. नव्या गाडीत मुळातच दोष असेल तर विक्रेता आणि उत्पादक दोघांविरुद्ध करता येते. व्हॅन धंद्याची आहे म्हणून आपण ग्राहक नाही असं बऱ्याच जणांना सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं वगळली आहे, पण माणूस स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच ती वापरत असेल तर तो ग्राहकच धरला जातो. स्वतःची एकच व्हॅन स्वतः चालवणारा माणूस त्यात बसतो. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर ठेवणाऱ्याला ते सिद्ध करणं अवघड.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली तरी सोलापुरात तक्रार चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते. काही प्रकरणं तिथंच मिटतात.

या सगळ्याला लागतं ते बिल. त्यावर तारीख, किलोमीटर, कोणते भाग बदलले आणि कामाची हमी किती दिवसांची हे लिहिलेलं हवं. बिल मागितलं की जीएसटीचं कारण सांगितलं जातं. साध्या पावतीवर सही-शिक्का घ्या, निदान पैसे फोनवरून पाठवा म्हणजे नोंद राहते. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे, काढलेल्या हेडचा आणि जळलेल्या गॅस्केटचा फोटो काढून ठेवायला काय लागतं?

विम्याची आशा मात्र यात धरू नये. नेहमीच्या गाडी विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. तापून गेलेल्या इंजिनचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

काही जण वैतागून भंगारातलं जुनं इंजिन आणून टाकतात. स्वस्त पडतं, पण त्या इंजिनचा नंबर वेगळा असतो आणि तो आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी आरटीओची परवानगी आणि इंजिन कुठून घेतलं त्याचा कागद लागतो. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडी पोलीस ठाण्यात लागते आणि विम्याच्या दाव्यातही तोच नंबर आडवा येतो. इंजिन घेण्याआधी त्याचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, ऑइलचं झाकण उघडून आत मलईसारखा थर आहे का बघा, आणि नवीन इंजिनसोबत तोच जुना रेडिएटर बसवू नका.

जेऊर भागातल्या एका शाळेच्या व्हॅनचं हेच झालं होतं. दोनदा गॅस्केट, एकदा पूर्ण हेडचं काम. तिसऱ्यांदा गाडी तापली तेव्हा चालकानं ती गॅरेजला न नेता आधी रेडिएटर काढून टेंभुर्णीला रेडिएटरवाल्याकडं नेला. टाकी उघडल्यावर निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या थरानं बंद होत्या. रेडिएटर, झाकण आणि कूलंट मिळून जो खर्च आला, तो एका गॅस्केटच्या कामापेक्षा कमी होता. आधीच्या तीन कामांचं एकही बिल त्याच्याकडं नव्हतं.